मौनात खाल्लेला रोट

‘प्रत्येक लेखकाच्या आयुष्यात मौनाचा एक ऋतू येतो, आणि त्या मौनाच्या गर्भातच त्याचे पुढले शब्द आकार घेत असतात.’ हे वाक्य मी बरेच दिवस उराशी धरून होतो. ते एका लेखन शिबिराच्या पत्रिकेवर छापलेलं होतं, आणि त्याच्याच खाली, त्याच टायपात, येताना टॉवेल, चादर आणि डासांचं मलम आणावं अशी सूचना होती. मलमाचा उपयोग झाला.

हे आठवायचं कारण म्हणजे परवापासून गल्लीत घरघंट्या सुरू झाल्यात. श्रावण लागला की सुरतेतल्या आमच्या नवागामात आधी त्यांचा आवाज येतो. एरवी इथे कान भरून असतो तो लूमच्या खटखटीनं, इतका की ती ऐकू येत नाही. घरघंटीचा आवाज मात्र बारीक, तक्रार केल्यासारखा. एका घरात थांबला की शेजारी लागतो. मग कोमट पिठाचा वास जिन्यातून खाली उतरतो आणि खाडीचा वास थोडा वेळ मागे सरतो.  लोकांना श्रावणात हिरवळ आठवते. मला भीती आठवते.

खानदेशातून पोटासाठी सुरतेला आलेल्या आमच्यासारख्या घरांत नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते आणि सोमवारी तिला वाजतगाजत पाण्यावर नेतात. नारळाची देवी, डोळे, नथ, शेला. तिच्यासाठी घरातल्या एकेका पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू काढायचा, घरीच दळायचा आणि त्याचे जाड रोट करायचे. खरी परीक्षा त्यानंतर असते. हे रोट पौर्णिमेच्या आत संपवायचे आणि ते फक्त भाऊबंदांनी खायचे. परक्याच्या तोंडी कण जाता कामा नये. आमच्या घरात तर रोट खाऊन धुतलेल्या हाताचं पाणीही मोरीत सोडत नाहीत. लग्न होऊन गेलेल्या लेकीलाही रोट नाही. यावर माझ्या बहिणीचं स्वतंत्र मत आहे आणि ते छापण्यासारखं नाही.

मी या सगळ्याकडे लांबून पाहणारा माणूस. दोन कथासंग्रह नावावर असलेल्या आणि सुरतेबाहेरच्या सचिन गावात कापड रंगवणाऱ्या एका डाइंग मिलच्या ऑफिसात बसणाऱ्या माणसानं जेवढं लांब उभं राहावं तेवढा लांब. पण लहानपणी एकदा आमच्या शेजारी राहणाऱ्या ओडिया कुटुंबातली मुलगी खेळता खेळता घरात आली होती. ताटलीतला रोट तिनं उचलला आणि दारात उभी राहून शांतपणे खाल्ला. माय चुलीपाशी होती. ती ओरडली नाही, मुलीला रागावली नाही. नुसती तिच्याकडे बघत राहिली. पोळा यायच्या आत वडिलांचा उजवा हात लूममध्ये गेला आणि दोन बोटं राहिली तिथेच. या दोन गोष्टींचा संबंध मायनं कधी बोलून दाखवला नाही. बोलून दाखवला असता तर मला त्यावर वाद तरी घालता आला असता.

ती न बोललेली गोष्ट घरात राहिली, भिंतीतल्या ओलीसारखी. रंग दिला की दिसत नाही, श्रावणात वर येते.

तर त्या वर्षी, तीन-चार श्रावणांपूर्वी, माझं लिहिणं बंद पडलं होतं. का ते विचारू नये. कारण सापडलं असतं तर मी त्यावरच काहीतरी लिहिलं असतं. आधी वाटलं, वेळ नाही. मग वेळ मिळाला. मग वाटलं, विषय नाही. पण विषय समोरून चालत येत, माझ्याकडे पाहत आणि पुढे जात, ओळख विसरलेल्या नातेवाईकासारखे. कागद पांढरा असतो म्हणून त्याची भीती वाटते असं म्हणतात, ते खरं नाही. तो आपली वाट बघत नाही म्हणून वाटते. सकाळी उठल्यावर मी एखादं वाक्य मनात जुळवून बघायचो, आपल्याला अजून येतंय का ते. दिवे गेल्यावर माणूस उगाच बटण दाबून बघतो तसं. येत नसे. आणि हळूहळू अशी भीती बसली की हे थांबलेलं नाही, संपलंय. आपण ज्याला आपला स्वभाव समजत होतो तो नुसता काही वर्षांचा साठा होता.

हे मी घरात कोणाला सांगितलं नव्हतं. मायनं ओळखलं. तिला अक्षरओळख जेमतेम, पण बंद पडलेलं यंत्र तिला आवाजावरून कळतं.

“तुनं खातं बंद पडी ग्यं का रे?” तिनं विचारलं. लूमच्या कारखान्याला इथे खातं म्हणतात. मी म्हटलं, “हो, बंदच आहे.”

“मालक कोन शे त्याना?”

“मीच.”

“मंग अवघड शे,” ती म्हणाली, आणि त्या रविवारी तिनं कानबाईपुढे माझ्या लिखाणासाठी नवस बोलला. काय कबूल केलं ते सांगितलं नाही. मला एवढंच कळलं की आता माझं लिहिणं, जे आजवर फक्त माझ्या आणि दोन-चार संपादकांच्या मधलं प्रकरण होतं, ते एका कडक देवीच्या हाताखाली गेलं आहे.

त्याच आठवड्यात ते शिबिर होतं. एका मित्रानं परस्पर नाव घातलं होतं. निघताना मायनं स्टीलचा डबा हातात दिला. रोट घराबाहेर न्यायचा नाही हा जुना नियम. पण सुरतेत माणसं दिवसपाळी-रातपाळी करू लागली तेव्हा डब्यातून रोट कारखान्यात जायला लागला, आणि देवीनं शिफ्ट मान्य केली. रोट घर सोडू शकतो. भाऊबंद सोडू शकत नाही.

“हाऊ तुना वाटाना शे,” माय म्हणाली. “तूच खाजो. कोनले देजो नको. यानावरच शे आते तुनं लिखानं.”

मी हसलो. ती हसली नाही.

शिबिर सचिनच्या पुढे, आत वळून गेलं की लागणाऱ्या एका साडी व्यापाऱ्याच्या फार्महाऊसवर होतं. हिरवळ, पोहण्याचा तलाव, तलावात सिमेंटचे हंस. मार्गदर्शक पुण्याहून आले होते. सगळे त्यांना सर म्हणत, म्हणून मीही म्हणतो. उंच, पांढरा झब्बा, आणि वाक्य सुरू करण्यापूर्वी डोळे मिटण्याची सवय. पहिल्याच सकाळी त्यांनी डोळे मिटले, खोल श्वास घेतला आणि म्हणाले, “हा गंध ओळखा. ही माती तुमच्याशी बोलते आहे.” आम्ही सगळ्यांनी श्वास घेतला. वारा सचिनकडून येत होता. तो डाइंग मिलचा वास होता, बहुधा आमच्याच. मी तो भक्तिभावानं घेतला. पगार तिथूनच येतो.

नियम असा होता की दुपारच्या जेवणापर्यंत पूर्ण मौन. फोन पोचल्या पोचल्या जमा. संध्याकाळी थोडा वेळ परत मिळायचे. मौनात प्रत्येकानं आपापली जागा शोधून ‘स्वतःला भेटायचं’. मी आंब्याच्या झाडाखाली बसलो. कागद मांडीवर, पेन हातात. मी स्वतःला भेटलो नाही. एक माणूस दिसला खरा, पण त्याला लिहिता येत नव्हतं. आजूबाजूला लोक झरझर लिहीत होते. त्यांत वडोदऱ्याच्या मेघनाताई होत्या, होमिओपॅथी करायच्या. त्यांचं पेन थांबतच नव्हतं. त्या पेनाचा कागदावर घासण्याचा आवाज माझ्या अंगावर येत होता. मला घाम फुटला. भरल्या आकाशाखाली, गार वाऱ्यात, स्वच्छ भीतीनं फुटलेला घाम. वाटलं, शेवटच्या दिवशी सगळ्यांनी वाचून दाखवायचं आहे. मी उभा राहीन आणि माझ्या हातात काहीच नसेल. आणि त्या क्षणानंतर मी लेखक होतो असं लोक म्हणतील, भूतकाळात.

मग आठवलं, रोट खायचाय. श्रद्धा म्हणून नाही. हातात घेण्यासारखं दुसरं काही नव्हतं म्हणून. मी उठून जेवणघराकडे गेलो. डबा मी टेबलाच्या कडेला, खिडकीत ठेवला होता.

खिडकीपाशी सर उभे होते. डबा उघडा होता. सर रोट खात होते.

ते डोळे मिटून खात होते. सावकाश, एकेक घास. मी दारात थिजलो. ओरडणं सोपं होतं. पण मौन होतं. ज्या मौनाची मी आदल्या संध्याकाळपासून मनात टिंगल करत होतो तेच मौन मी त्या क्षणी पाळलं. मी हात वर केला. सरांनी डोळे उघडले, माझा हात पाहिला, मंद हसले आणि उरलेला तुकडा तोंडात टाकून मला नमस्कार केला.

मी परत झाडाखाली येऊन बसलो आणि पहिल्यांदा माझ्या उजव्या हाताकडे पाहिलं. पाची बोटं होती. मी ती एकेक करून हलवून बघितली. पुस्तकं वाचलेला, लांब उभा राहणारा मी, एका सिमेंटच्या हंसासमोर बसून बोटं हलवत होतो.

मौन सुटल्यावर सर सर्वांसमोर म्हणाले, “आज मी काहीतरी आदिम चाखलं. त्या भाकरीत मूळ होतं. कोणाची होती ती?”

“माझी,” मी म्हटलं.

“धन्यवाद. तुम्ही मला तुमच्या मातीत घेतलंत.”

मेघनाताई माझ्याकडे वाकून म्हणाल्या, “अहो, तुम्ही इतके पांढरे का पडलात? पित्त आहे का? गोळ्या देऊ?” मी म्हटलं, द्या. त्या गोड होत्या. इतर काही परिणाम जाणवला नाही.

संध्याकाळी फोन हातात आला तेव्हा मायचा आधीच येऊन गेला होता. मी लावला.

“रोट सरना का?” म्हणजे संपला का.

“संपला.”

“तूच खादा ना?”

आता या प्रश्नाला ‘हो’ असं एका शब्दाचं उत्तर आहे. तो शब्द मी उच्चारला, पण त्याआधी किंचित थांबलो.  “बरं,” ती म्हणाली. “घर ये, मंग बोलूत.” तिचा आवाज बदलला होता. त्या आवाजाला मी लहानपणापासून ओळखतो. तो रागाचा नसतो. ती घाबरली की तिचा आवाज सपाट होतो, पाणी साचल्यावर रस्ता होतो तसा. खाली काय आहे ते कळत नाही.

तिला रक्तदाबाचा त्रास. खरं सांगितलं तर ती काही बोलणार नाही, वडिलांच्या वेळेसारखं नुसतं बघत राहील, आणि मग वर्षभर माझ्या हाताकडे बघत राहील. ते मला सोसलं नसतं. माझं ‘हो’ तर तिनं पकडलंच होतं, तेव्हा दुसरं काहीतरी सांगावं लागणार होतं आणि ते तिला पटावं लागणार होतं.

दुसऱ्या दिवशी मौन सुरू होताच मी कामाला लागलो. आधी कावळा योजला. पण कावळ्याला डब्याचं झाकण निघत नाही. माय पहिल्याच फटक्यात पकडेल. मग झाकण मी उघडं ठेवलं असं केलं. पण मी का उघडं ठेवीन? मग मला कोणीतरी हाक मारली. कोणी? मौन असताना? तो धागा सोडला. मग रोट तलावात पडला. पाणी देवीला चालतं, हे बरं होतं. पण सिमेंटच्या हंसांपाशी गोष्ट हास्यास्पद होत होती. मग गाय आली. गाय चालली असती. पण नुसती गाय मायला पुरणार नव्हती. तिचा रंग कोणता, ती फार्महाऊसमध्ये कशी शिरली, कोणाची, गाभण होती का, मी तिला हाकललं का नाही. मी लिहून काढू लागलो, कारण इतकं डोक्यात राहत नव्हतं. गाईला मालक लागला. मालकाला बायको लागली. ती गाय विकायची की नाही यावर दोघांत काहीतरी धुमसत होतं, म्हणून त्या दिवशी फाटक उघडं राहिलं. मी खोडत होतो, परत लिहीत होतो, आणि प्रत्येक ओळीमागे माय उभी होती, तो सपाट चेहरा घेऊन. माझ्या आजवरच्या कुठल्याही वाचकाला मी इतका घाबरलो नव्हतो. समीक्षक फार तर काय करतील, दुर्लक्ष करतील. माय दुर्लक्ष करत नाही.

जेवणाची घंटा झाली तेव्हा हात दुखत होता आणि मांडीवर कागदांची चळत होती. मी तिच्याकडे पाहिलं आणि मला आनंद झाला नाही. उलट भीती दुप्पट झाली. ज्या गोष्टीवर माझं लिहिणं अवलंबून होतं ती परक्याच्या पोटात गेली होती, आणि लिहिणं सुरू झालं होतं. हे देणं होतं की घेण्याआधीचं थोडं ढिलं सोडणं, ते मला कळेना. देवीचा स्वभाव मला फारसा माहीत नव्हता. मायचा माहीत होता, आणि दोघींचं पटतं.

शेवटच्या दिवशी मी तीच गोष्ट वाचली. रोट, गाय, उघडं फाटक, आणि घरी डोळे लावून बसलेली आई. गाय नेमकी कोण, हे त्या खोलीत मलाच ठाऊक होतं. सरांनी डोळे मिटून ऐकलं.

“गाय फार सशक्त उतरली आहे,” ते म्हणाले. “तिच्यात एक निरागस भूक आहे. आई मात्र पटत नाही. एका भाकरीसाठी इतकं कोणी घाबरत नाही हो.”

मी नोंद घेतल्यासारखं केलं.

घरी आलो तेव्हा माय दारातच बसली होती. तिनं आधी माझ्या चेहऱ्याकडे नाही, हाताकडे पाहिलं. मी तो तिच्यापुढे धरला. मग पाय धुतले, आत जाऊन बसलो आणि गोष्ट सांगितली. सगळी, मालक, बायको, फाटक. तिनं मध्ये एकदाही अडवलं नाही. संपल्यावर विचारलं, “गाय कोठे बांधेल व्हती?”

“मालकाच्या अंगणात.”

“खुट्टा कसाना व्हता? लाकूडना का लोखंडना?”

 खुंटा मी लिहिला नव्हता.

“कोन मानूस व्हता तो?” माय म्हणाली.

मी सांगितलं. पुण्याचे सर, मौन, खिडकी. ती उठली आणि देव्हाऱ्यापाशी जाऊन बसली. मी बाहेरच्या खोलीत. ती जेवली नाही, म्हणून मीही नाही. तिच्या पाठीकडे बघत मी तिला बोलावं म्हणून वाट बघत होतो. तिनं वाद घालावा, शिव्या द्याव्या, वडिलांच्या बोटांबद्दल एकदाचं बोलून टाकावं. गल्लीत कुणाची तरी घरघंटी चालू होती. ती थांबली, आणि मग लूम ऐकू यायला लागले, जे कधी ऐकू येत नाहीत.

उन्हं उतरली तेव्हा ती वळली. “ती पोर लहान व्हती,” ती म्हणाली. “तिले मी तवयच आपली म्हनाले पायजे व्हतं. म्हनी नही.” मग माझ्याकडे बघून, “आते तसं नको. खादा ते खादा. ज्यानी रोट खादा तो भाऊबंद. त्यानं नाव सांग.”

मी नाव सांगितलं. तिनं ते दोनदा म्हणून बघितलं. सरांना लेकरं किती, आई जिवंत आहे का, कुळ कोणतं, हेही विचारलं. मला माहीत नव्हतं. “दखाले मानूस मोठा शे, आनि तुले काही म्हाईत नही,” ती म्हणाली. मग पदर खोचून ती जेवण गरम करायला उठली. जाता जाता म्हणाली, “गायनी गोष्ट चांगली शे. छापाले दे. फक्त खुट्टा टाक.”

मी खुंटा टाकला. लोखंडी. कथा त्या वर्षी छापून आली, आणि तेव्हापासून लिहिणं सुरू आहे. सुरू आहे म्हणजे दर सकाळी मी बटण दाबून बघतो आणि दिवा लागतो, आणि लागला की मला बरं वाटत नाही, धस्स होतं. उद्याचं काय, असं. साठ्याची भीती गेलेली नाही. फक्त आता मी तिला घरातल्या माणसासारखं जेवायला वाढतो. दर श्रावणात माय सरांच्या नावानं सव्वा मूठ गहू काढते. मधूनमधून विचारते, “तो बरा शे ना?” मी शिबिराच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बघून सांगतो की बरा आहे.

गेल्या भाद्रपदात त्याच ग्रुपवर निरोप आला की सरांचे चुलते पुण्यात वारले. मी तो मायला वाचून दाखवला, आणि दाखवल्याक्षणी कळलं की दाखवायला नको होता. तिनं डोक्यावरून पाणी घेतलं. देव्हाऱ्यावर कापड टाकलं. आम्ही दहा दिवस सुतक पाळलं. गोड केलं नाही, देवाला हात लावला नाही. सुतकात शुभ काम करत नाहीत, आणि लिहिणं मायच्या लेखी आता शुभ कामात मोडतं, म्हणून पेनही बंद. दिवाळी अंकाची कथा शेवटच्या दोन पानांवर अडली होती, ती तशीच राहिली. मी संपादकांना फोन करून सांगितलं की घरात सुतक आहे, यंदा जमणार नाही. त्यांनी हळहळून विचारलं, कोण गेलं. मी म्हटलं, चुलते, पुण्याचे. ते म्हणाले, काळजी घ्या, कथेचं बघू पुढच्या वर्षी.

अंक आला तेव्हा कळलं, सरांची कथा त्यांना वेळेवर मिळाली होती.